अनुभव धागा: कॅलेंडर एका तासाने चुकले तेव्हा

काल एका सहकाऱ्याने "मीटिंगला कोणीच कसे नाही?" असे विचारले आणि मला मार्च 2007 आठवला. त्या वर्षापासून अमेरिकेने डेलाइट सेव्हिंगची, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे करण्याची, सुरुवात एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे तेव्हा 11 मार्चला, आणली होती. अपडेटपूर्वीच्या नोंदी जुन्या नियमाने यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेल्या असल्यामुळे 1 एप्रिलपर्यंत न्यूयॉर्कची दहाची मीटिंग अकराला दिसत राहिली, तर अपडेटनंतरच्या नोंदी अचूक होत्या. कोणती नोंद केव्हाची, हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा आम्ही मीटिंगच्या विषयातच वेळ लिहू लागलो. आपलेही अनुभव लिहावेत.

लेटलतीफ: माझ्या बाबतीत कॅलेंडर निर्दोष होते, हे आधीच कबूल करतो. मी न्यूयॉर्कमध्ये, आयोजक लंडनमध्ये. युरोपातील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत पाच तासांचा फरक चारच तासांचा राहतो. कॅलेंडरने मीटिंग अकराला दाखवली होती. मी मात्र सवयीने दहाला जाऊन बसलो आणि इतरांना उशीर झाला असे समजून दोन खरमरीत ईमेल पाठवले. ऑक्टोबरअखेरच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा केली.

निशाचर: दोन्ही ईमेल वाचायला आवडतील. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'पूर्ण दिवस' ही नोंद 00:00 वाजता सुरू होते, असे आम्ही गृहीत धरले होते. ब्राझीलमध्ये 2019 साली डेलाइट सेव्हिंग रद्द होईपर्यंत घड्याळ मध्यरात्रीच पुढे केले जात असे, त्यामुळे त्या रविवारी 00:00 ही वेळच अस्तित्वात नव्हती. नोंद शनिवारी रात्री 23:00 वर घसरली आणि एका ग्राहकाचा वाढदिवस दोन दिवसांचा दिसू लागला. त्याने तक्रार केली नाही, आभार मानले.

धागाकर्ता: निशाचर, मग तुम्ही तो दोष दुरुस्त कसा केला?

निशाचर: पूर्ण दिवसाच्या नोंदीतून वेळ काढून टाकून केवळ तारीख ठेवली. इतर नोंदींसाठी स्थानिक वेळ आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' असे टाइमझोनचे नाव साठवतो, कारण नुसते 'उणे पाच तास' लिहून ठेवले तर उन्हाळा आल्याचे प्रोग्रॅमला कळत नाही.

चकोर: नियमच आयत्या वेळी बदलला तर? मार्च 2023 मध्ये लेबनॉनच्या सरकारने अवघे काही दिवस आधी घड्याळे पुढे करणे लांबणीवर टाकले, अनेक संस्थांनी ते मानले नाही आणि अखेर निर्णय मागे घेतला गेला. त्या दिवसांत बैरूतमधील सहकाऱ्याला मी प्रत्येक वेळी "कोणाच्या घड्याळाप्रमाणे?" असे विचारत असे, आणि त्यालाही चौकशी करूनच उत्तर द्यावे लागे.

लेटलतीफ: निशाचर, ईमेल मिळणार नाहीत. ते ज्यांना पाठवले, ते आता माझे वरिष्ठ आहेत.