मांजर पेटी सोडून बाहेर जायला लागलं तर? बेळगाव भागातले अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मांजरवाल्यांसाठी हा धागा. नियमानं पेटीत, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाणारं मांजर एकदम गादीवर किंवा दाराच्या कोपऱ्यात जायला लागलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘पोत्यात घालून लांब सोडून या’. मांजर सूड म्हणून असं करत नाही. त्याला काहीतरी दुखतंय, भीती वाटतेय किंवा पेटीच नकोशी झाली आहे. तुमच्याकडं काय झालं आणि कशानं फरक पडला ते लिहा. कशानं पडला नाही तेही लिहा.

शहापूर
आमचा बोका पेटीत बसायचा, जोर करायचा, दोन थेंब पडले की उठायचा. मग मोरीत, मग पायपुसण्यावर. अधूनमधून ओरडायचा आणि खालची जागा चाटत बसायचा. सासूबाई म्हणाल्या, पोट धरलंय, ओव्याचं पाणी पाजा. शेजारच्या तात्यांनी दारातनंच बघितलं आणि म्हणाले, “वैनी, सकाळची वाट बघू नका ओ, आत्ताच्या आत्ता गुरांच्या दवाखान्यात न्या.”

डॉक्टरांनी पोटाला हात लावला तर मूत्राशय टम्म फुगलेलं. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. खड्यांचे बारीक कण आणि चिकट द्रव्य अडकलं की लघवी पूर्ण बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. वाचला. आता कोरडे दाणे कमी, ओलं खाणं जास्त, आणि पाण्याच्या वाट्या घरभर.

बरा झाल्यावरही तो जुन्या पेटीकडं फिरकला नाही. तिथं दुखलेलं त्याच्या लक्षात राहिलं होतं. नवी पेटी दुसऱ्या खोलीत ठेवली, तेव्हा सुरळीत झालं. म्हणून सांगते, बोका जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर वाळू, पेटी, जागा यांचा विचार नंतर करा.

खानापूर, कणकुंबीकडचं गाव
आमच्यात पेटी वगैरे नव्हती. भाटी (मांजरी) परसात जायची, माती उकरायची. पावसाळा लागला की परसात चिखल आणि वर धो धो पाऊस, ती जाणार कुठं? गार झालेल्या चुलीतल्या राखेत जायला लागली. आई संतापली. मग एका पसरट प्लास्टिकच्या टबात तीच चाळलेली राख आणि बारीक वाळू घालून पडवीत ठेवली, आणि चुलीवर रात्री पत्रा झाकला. लगेच सवय लागली. तिला मऊ, कोरडं, उकरायला येणारं काहीतरी पाहिजे होतं, तेवढंच. फक्त आमच्याकडं वाळू दमट होते, ती सारखी बदलावी लागते.

निपाणी
सुनेला दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी मांजर घालवा म्हणून लावून धरलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. टोक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला धोक्याचा असलेला परजीवी जंतू मांजराच्या विष्ठेतनं पसरतो खरा, पण विष्ठा पडल्यापासून तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. त्यामुळं पेटी रोजच्या रोज साफ करायची आणि गरोदर बाईनं ते काम करायचं नाही. कच्च्या मटणाचा धोकाही तेवढाच लक्षात ठेवायचा.

पण पेटी साफ करायची ती सूनच. तिनं थांबवल्यावर कुणाचंच काम राहिलं नाही, पेटी भरून वाहायला लागली आणि मांजर कपड्यांच्या गठ्ठ्यावर गेलं. आता ते काम मी घेतलंय, सकाळी आणि संध्याकाळी. मांजर पेटीत परत आलं, नातूही सुखरूप आला.

टिळकवाडी
आमचा बोका उभा राहून, शेपूट थरथरवत, पडद्यावर आणि कपाटाच्या दारावर लघवीची पिचकारी मारायचा. हा पेटीचा प्रश्न नव्हे, ही हद्दीची खूण. खिडकीबाहेर एक परका बोका येऊन बसायचा. नसबंदी केली, खालच्या काचेला कागद चिकटवला. जवळजवळ थांबलंय.

चिकोडी
सगळ्यांना कळकळीची विनंती, मांजरानं घाण केली त्या जागी फिनेल ओतू नका ओ. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं शरीर नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ते पाय चाटतं. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वाफ होते. एन्झाइमवाला क्लीनर ऑनलाइन मिळतो, तो भरपूर ओतून मुरू द्यायचा. वास राहिला तर मांजर तिथंच परत जातं. आपल्या नाकाला कळत नसेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, जुने डाग चमकतात.

अनगोळ
आमची भाटी म्हातारी. पेटीच्या शेजारी जायची, आत नाही. सांधे दुखतात, उंच कडेवरनं पाय उचलत नाही, हे डॉक्टरांनी चालवून दाखवलं. पेटीची एक बाजू कापून खाली केली आणि ती माळ्याच्या जिन्यावरनं खालच्या खोलीत आणली. रक्तही तपासून घेतलं, कारण या वयात किडनी किंवा साखरेमुळं लघवी वाढते आणि पेटी लवकर भिजते. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

वडगाव
आमच्यात दोन मांजरं, पेटी एकच, तीही कापड विणायच्या मागाच्या खोलीच्या दाराशी. माग सुरू झाला की धाकटी आत जातच नाही, आणि मोठा दारात आडवा बसतो. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक पेटी जास्त, असं डॉक्टर म्हणतात. घर लहान, दोनच बसल्या. दुसरी आवाजापासून लांब, देवघरापलीकडच्या बोळात, पळायला दोन्ही बाजूंनी वाट राहील अशी ठेवली. खूप कमी झालंय, पण धाकटी अजून एखाद्या वेळी कॉटखाली जाते. चिकोडीच्या अक्का म्हणतात तो टॉर्च आज मागवला. कॉटखाली जुना डाग राहिलाय का ते बघून कळवते.