मदत हवी आहे: टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) एकच घेऊ की दोन?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१० ची स्विफ्ट, पेट्रोल. मागच्या महिन्यात ताम्हिणीत पंक्चर झाली. टायरवाल्याने गनने नट असे आवळले होते की गाडीतल्या पान्याने एकही हलेना. शेवटी पान्यावर उभा राहिलो. माझं वजन ७४ किलो, दांडी साधारण ३० सेंटिमीटर. घरी येऊन गुणाकार केला, तर पिळाचा जोर २१८ न्यूटन-मीटर! मॅन्युअलमध्ये ८५ लिहिलंय. टायरवाल्याला शिव्या तरी कोणत्या तोंडाने देऊ? इंजिन ऑइल काढायच्या ड्रेन प्लगला ३५ हवेत, तिथे अंदाजाने आवळून आटे मी स्वतःच घालवलेत.

दुकानात सगळे अर्धा इंची टोकाचा, २८ ते २१० चा क्लिकवाला (लावलेल्या आकड्याला ‘टक्’ करणारा) दाखवतात. त्यात ३५ बसतं, पण अगदी तळाशी. तिथे भरवसा ठेवायचा का? की काटेवाला साधा घेऊ? तो बिघडत नाही म्हणतात, पण गाडीखाली आडवं पडून काटा वाचायचा कसा?

प्रतिसाद १
२८-२१० नको. क्लिकवाल्याचा भरवसा त्याच्या कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांपासून वर धरायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत ४२ च्या पुढे. २० ते ११० चा शोधा, तुमची दोन्ही कामं एकात होतील. तो थ्री-एट ड्राइव्हमध्येच (३/८ इंची टोकाचा) मिळाला तरी चालेल. अर्धा इंची गोटीला (सॉकेटला) सरळ अडॅप्टर लावल्याने आकडा बदलत नाही. अचूकता चार टक्क्यांच्या आत आणि कॅलिब्रेशनचा (आकडा तपासल्याचा) कागद सोबत असेल तोच घ्या. वापरून झाला की सेटिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नाही. आणि त्याने नट सोडवू नका, कृपा करून.

प्रतिसाद २
‘टक्’ झालं की थांबायचं. आमचा पोरगा खात्री म्हणून आणखी दोनदा ओढतो! स्टडला (नट बसतो त्या आट्याच्या दांडीला) ऑइल-ग्रीसही लावू नका, तेवढ्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो.

धागाकर्ता
आभार. जुन्या बाजारात एक वापरलेला दिसलाय, २० ते ११० चाच, कागद अर्थातच नाही. चौकोनी टोक व्हाइसमध्ये धरून, मुठीच्या मध्यावर वजन टांगून तपासता येईल का? ४० सेंटिमीटरवर २० किलो म्हणजे ७८ च्या आसपास क्लिक व्हायला हवं, बरोबर ना? रविवारी जायचंय, त्याआधी सांगा.