अनुभव धागा : वारंवार डिस्नेलँडला जाणाऱ्यांना तिथली जादू अजून जाणवते का?

सूत्रधार :

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमध्ये डिस्नेलँड हा पाहुणचाराचाच एक भाग होऊन बसला आहे. आईवडील सहा महिन्यांसाठी आले, भाचा शिकायला आला, एखादे दीर कंपनीच्या कामासाठी पंधरा दिवस आले, तरी त्यातला एक दिवस डिस्नेलँड जिथे आहे त्या अ‍ॅनाहाइमसाठी राखून ठेवावाच लागतो, आणि त्यामुळे स्वतःची हौस केव्हाच फिटलेली माणसेही वर्षानुवर्षे तिथे जात राहतात. संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेऊन वॉल्ट डिस्नी यांनी १७ जुलै १९५५ रोजी सुरू केलेल्या या उद्यानाने आता सत्तरी ओलांडली आहे. पहिल्या भेटीचे अप्रूप सर्वांना ठाऊक आहे, ते इथे नको. वारंवार जाणाऱ्याला ती जादू अजून जाणवते का, जाणवत असेल तर नेमकी कुठे, आणि ओसरली असेल तर कशामुळे, एवढेच कृपया सविस्तर लिहावे. तिकिटे स्वस्त कुठे मिळतात ही चर्चा दुसरीकडे करू.

निवृत्त अभियंता, लॉस एंजेलिस परिसर :

आम्ही सत्तरच्या दशकात इकडे आलो तेव्हा प्रवेशाबरोबर कूपनांची एक पुस्तिका मिळत असे. तीत ‘ए’पासून ‘ई’पर्यंत पाच दर्जांची कूपने असत आणि कोणत्या खेळाला कोणते कूपन लागेल हे ठरलेले असे. ‘ई’ हे सर्वांत वरचे कूपन १९५९ साली मॅटरहॉर्न या डोंगराचा खेळ, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाल्या त्या वर्षी आले होते. ते दुपारच्या आत संपून जाई, आणि संध्याकाळी खिशात उरत ती ‘ए’ कूपने, ज्यांवर प्रवेशद्वाराजवळच्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरची घोड्यांची ट्राम किंवा लाकडी घोड्यांचा पाळणा एवढेच मिळे. ती आम्ही घरी आणून खणात ठेवत असू आणि पुढच्या वेळी जाताना नेमकी विसरत असू.

१९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकदा पैसे भरले की हवे तेवढे खेळ, असा नियम आला. मुले खूष झाली. माझे मत जरा वेगळे आहे. कूपन मोजून वापरायचे असल्यामुळे कशात बसायचे याची चर्चा आमच्या घरी आदल्या रात्रीपासून चाले, मुले आपापसांत कूपनांची देवघेव करत, आणि त्या हिशेबातच निम्मी उत्सुकता भरलेली असे. सगळेच मोकळे झाल्यावर माणसे खेळांची संख्या मोजू लागली.

आता वयोमानाने मी फक्त आगगाडीत बसतो. उद्यानाला वळसा घालणाऱ्या या वाफेच्या गाडीच्या शेवटच्या टप्प्यात ग्रँड कॅन्यनचा देखावा लागतो आणि त्यानंतर डायनासोर. हे डायनासोर न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक मेळ्यात फोर्ड कंपनीच्या दालनासाठी केलेले होते आणि मेळा संपल्यावर इकडे आणले गेले. नातवंडांना त्यांच्या माना फारच यांत्रिकपणे हलतात असे वाटते, आणि ते खरेच आहे. मला त्या तशाच हललेल्या हव्या आहेत.

गृहिणी, अर्व्हाइन :

सूत्रधारांनी पाहुणचाराचा उल्लेख केला तो आमच्या घराला तंतोतंत लागू पडतो. माझ्यापुरते विचाराल तर खेळांची जादू संपलेली आहे. कोणत्या वळणावर काय उसळून समोर येणार हे मला पाठ आहे. तरीही मी कंटाळत नाही, याचे कारण असे की माझे लक्ष आता समोरच्या देखाव्याकडे नसते, ते शेजारी बसलेल्या माणसाकडे असते, आणि तो माणूस दर वेळी नवा असतो.

माझे सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. परीकथांशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. सकाळभर त्यांनी गर्दी कुठून वळवली आहे आणि पावसाचे पाणी कुठे जात असेल एवढेच पाहिले. दुपारी आम्ही हाँटेड मॅन्शनमध्ये गेलो. १९६९ साली सुरू झालेल्या या भुताच्या वाड्यात आधी एका अष्टकोनी खोलीत उभे करतात, दार बंद होते आणि भिंती व त्यांवरची चित्रे हळूहळू लांबत जातात. बाकीचे लोक छताकडे पाहत असताना सासरे पायांकडे पाहत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘ही लिफ्ट आहे, आपण खाली गेलो.’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. वाडा दिसतो तो उद्यानाभोवतीच्या रेल्वेच्या बांधाच्या आत, पण खरा खेळ आहे बांधाच्या पलीकडच्या इमारतीत, त्यामुळे लोकांना रुळांखालून नेण्यासाठी ती खोलीच खाली उतरवतात. फ्लोरिडातल्या डिस्नी उद्यानातल्या तशाच वाड्यात ही अडचण नव्हती, म्हणून तिथे जमीन जागच्या जागी राहते आणि छत वर जाते. हे कळल्यावर सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत कोणा लहान मुलाचाही तसा पाहिलेला नाही. संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक ठिकाणी ‘आता आपण बांधाच्या आत की बाहेर’ हे विचारत राहिले.

सासूबाईंचे सगळे दुसऱ्या टोकाला. त्यांना ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ मधल्या बाहुल्या आवडल्या, आणि भारताचा देखावा व ताजमहाल दिसताच त्यांनी नावेत चक्क हात जोडले. हेही मूळचे न्यूयॉर्कच्या त्याच मेळ्यातले, १९६६ पासून अ‍ॅनाहाइममध्ये आहे. रंगसंगती मेरी ब्लेअर या चित्रकर्तीची, आणि ती अजूनही ताजी दिसते. तिथे सतत वाजणाऱ्या गाण्याबद्दल मात्र मी काही बोलत नाही. पाहुणे येणार म्हटले की ते आठवडाभर आधीच माझ्या कानात वाजू लागते.

एक गोष्ट जाता जाता. बाहेरचे खाणे आत नेता येते, त्यामुळे दशम्या, चटणी आणि लाडू यांचा डबा नेहमी बरोबर असतो. ज्येष्ठांना त्या दिवशी आनंद कशाचा झाला असे विचारले तर निम्मे श्रेय या डब्याला द्यावे लागेल.

नेपथ्यकार, आता पॅसाडेना :

वरच्या ताईंच्या सासऱ्यांना भेटायला मला आवडले असते. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचे नेपथ्य करत असे, आणि कमी जागेत, कमी पैशांत प्रेक्षकाच्या नजरेला कसे चकवायचे हाच आमचा रोजचा प्रश्न होता. त्यामुळे माझ्या बाबतीत गुपिते कळत गेली तशी जादू वाढत गेली.

निद्रिस्त सुंदरीचा किल्ला फक्त ७७ फूट उंच आहे. छायाचित्रांत तो दुप्पट वाटतो, कारण खालचे दगड मोठे आणि वर जावे तसे लहान केले आहेत. मेन स्ट्रीटवरच्या इमारतींचे वरचे मजलेही असेच आखडते घेतलेले आहेत. मॅटरहॉर्न १४७ फुटांचा, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या मूळ पर्वताच्या सुमारे शंभराव्या हिश्शाचा, पण पायथ्याशी उभे राहिले की हे गणित आठवत नाही. मेन स्ट्रीटच्या वरच्या खिडक्यांवर रंगवलेली दुकानदारांची नावे बहुतांशी हे उद्यान घडवणाऱ्यांची आहेत. पहिल्या भेटीत कोणी मान वर करून ती वाचत नाही, आणि वाचावीत अशी अपेक्षाही नाही. ती परत येणाऱ्यासाठीच आहेत.

माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे १९६७ सालच्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या समुद्री चाच्यांच्या खेळाची पहिली दोनतीन मिनिटे. बाहेर कॅलिफोर्नियाचे दुपारचे ऊन तळपत असते, आणि आत नाव सुटताच काजवे चमकणारी, पाणथळ जागेतली संध्याकाळ होते. अजून एकही चाचा दिसलेला नसतो, कोणी ओरडलेले नसते, केवळ प्रकाश बदललेला असतो. मग नाव एका उतारावरून खाली घसरते, आणि तेही पुन्हा बांधाखालून जाण्यासाठीच. अडचणीतून नाट्य कसे काढावे याचा याहून चांगला धडा मी पाहिलेला नाही.

२०१९ मध्ये उघडलेला, १४ एकरांवर पसरलेला ‘स्टार वॉर्स’चा विभाग तंत्रात कितीतरी पुढचा आहे. मी दोन्हींकडे जातो, पण पुन्हा ओढ लागते ती मेन स्ट्रीटचीच. तिथे इमारती लहान केल्यामुळे चालणाऱ्याला आपण किंचित उंच झाल्यासारखे वाटते, आणि नव्या विभागात सगळे इतके भव्य आहे की माणूस बारीक होऊन जातो. यात कोणाला काय रुचेल हे ज्याचे त्याने ठरवावे.

संगणक क्षेत्रातील नोकरदार, सॅन डिएगो :

इथे सूर एकाच बाजूला झुकला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांत गर्दीच्या दिवशी एका उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट २०६ डॉलर झाले होते. चौघांचे ८२४ डॉलर झाले, आणि त्यात गाडी उभी करणे, जेवण, टोप्या, फुगे काहीच धरलेले नाही. त्या वेळी सर्वांत कमी दर १०४ डॉलर होता हे मान्य, पण तो मिळे मुलांना शाळा असते अशा मोजक्या दिवशी.

पैशांपेक्षाही मला खटकते ती रांग. १९९९ मध्ये फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता. कागदी चिठ्ठी घ्यायची आणि सांगितलेल्या वेळी यायचे. डिसेंबर २०२१ पासून लवकर आत जाण्याच्या सोयीला वेगळे पैसे पडू लागले. धंदा म्हणून ते समजण्यासारखे आहे, कारण टाळेबंदीत उद्यान मार्च २०२० पासून वर्षाहून अधिक काळ बंद होते. परंतु तासभर उभे राहिलेल्या मुलाला शेजारच्या मार्गिकेतून दुसरी मुले भराभर पुढे जाताना दिसतात आणि ती का जातात हे त्याला समजावून सांगावे लागते, तेव्हा आपण परीकथेत आहोत यावर त्याचा विश्वास कसा बसावा? शिवाय पुढची वेळ साधायची म्हणून मोठ्यांच्या माना दिवसभर फोनमध्ये असतात. ज्या बांधाने बाहेरचे शहर दिसू नये अशी व्यवस्था केली, त्याच्या आत आपण सगळे बाहेरचे जग खिशातून नेतो. आम्ही आता तीनचार वर्षांतून एकदा जातो आणि अंतर ठेवल्यामुळेच थोडीफार मजा टिकली आहे.

विद्यार्थिनी, फुलर्टन :

मी इथेच वाढले, त्यामुळे मराठी लिहिताना चुका झाल्यास समजून घ्यावे. माझ्याकडे मॅजिक की हा वार्षिक परवाना आहे. आम्ही मैत्रिणी तास संपल्यावर संध्याकाळी जातो, अननसाचे डोल व्हिप हे मऊ आइस्क्रीम खातो, बसून गप्पा मारतो आणि कित्येकदा एकाही खेळात न बसता घरी येतो. आई म्हणते की तुमच्या पिढीने त्याचा कट्टा केला आहे. वरच्या काकांचा हिशेब एका दिवसाच्या तिकिटासाठी बरोबर आहे, पण एका दिवसात सगळे वसूल करायचे नसले की तिथे फार शांत वाटते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर या डिस्नीच्याच दुसऱ्या उद्यानातल्या सणांच्या उत्सवात दिवाळीही असते. बॉलिवूडच्या गाण्यांवर नाच होतो, आणि बघणाऱ्या गर्दीतले अर्धे लोक ‘हे काय आहे’ म्हणून आम्हालाच विचारतात.

बँक कर्मचारी, रिव्हरसाइड :

मला बदलांविषयी लिहायचे आहे. १९८९ पासून असलेले स्प्लॅश माउंटन, म्हणजे पाण्यातल्या घसरगुंडीचा खेळ, ३१ मे २०२३ रोजी बंद झाले आणि त्याच जागी १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टियाना या राजकन्येच्या कथेवरचा नवा खेळ सुरू झाला. पाणी तेच, शेवटचा कडाही तोच, परंतु माझ्या मुलांचे बालपण ज्या गाण्यांवर गेले ती आता नाहीत. मूळ खेळ १९४६ च्या ज्या चित्रपटावर बेतलेला होता त्यातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर कित्येक दशके आक्षेप होता, हे मला ठाऊक आहे आणि तो आक्षेप पटतोही. पण परत येणारा माणूस आपल्या आठवणीची खूण शोधत असतो, आणि ती पुसली गेली की कारण योग्य असले तरी चुटपूट लागते.

गृहिणी, अर्व्हाइन :

चुटपूट समजते, पण पायरेट्समधल्या बदलाचे मी स्वागतच केले. चाचे बायकांचा लिलाव करतात असे दृश्य तिथे २०१८ पर्यंत होते आणि लोक त्यावर हसत. भाचीला मांडीवर घेऊन बसले असताना ते दृश्य जवळ आले की मी तिला उगीच दुसरीकडे बघायला सांगत असे. आता त्यातली तांबड्या केसांची बाई स्वतःच चाचा झाली आहे. हे उद्यान कधीच पुरे होणार नाही असे वॉल्ट डिस्नी स्वतः सांगत असत. मग त्यातले आपल्याला आवडते तेवढेच कायम राहावे, हा आग्रह कितपत धरता येईल?

दोन मुलांचा बाप, टस्टिन :

मी बोरिवलीचा. १९८९ मध्ये सुरू झालेले आणि आता बंद पडलेले गोराईचे एस्सेलवर्ल्ड हे आमचे पहिले उद्यान. खाडी ओलांडायला लाँचमध्ये बसलो की सहल सुरू झाली असे आम्ही मानत असू, आणि इथे वाहनतळावरून सुटणाऱ्या ट्राममध्ये बसताना मला नेमके तेच वाटते. आत गेल्यावर मात्र मोजपट्टी हाती येते. काळोखातून धावणाऱ्या स्पेस माउंटनला ४० इंच उंची लागते, मॅटरहॉर्नला ४२ आणि इंडियाना जोन्स अ‍ॅडव्हेंचरला ४६. लहानग्यासाठी आमच्यापैकी एकाला बाहेर थांबावे लागते, मग अदलाबदल करून दुसरा जातो, म्हणजे मोठे खेळ आम्ही दोघांनी एकत्र असे केलेलेच नाहीत.

याचा एक फायदा सूत्रधारांच्या प्रश्नाच्या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. मुलांच्या बाबतीत हे उद्यान एकदम सगळे उघडतच नाही. दोन वर्षे डंबो हत्ती आणि चहाच्या कपांतच गेली, मग एका वाढदिवसानंतर मुलगी स्पेस माउंटनच्या पट्टीला टेकली आणि त्या काळोखातून बाहेर आल्यावर तिने मला, मी इतक्या वेळा येऊनही हे तिच्यापासून लपवून ठेवले म्हणून, चांगलेच फैलावर घेतले. इंडियाना जोन्ससाठी तिला अजून दोन इंच हवे आहेत. धाकट्याचा तर डंबोच चालू आहे, त्यामुळे आमच्या घरी कंटाळा येण्याची वेळ यायला निदान सहासात वर्षे आहेत.