काउंटीत लियन रिलीज ऑनलाइन फाईल कुठे करायचा? जरा घाई आहे

बोरकूट:
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत घेतलेल्या प्लॉटवरचं कर्ज केव्हाच फिटलंय, पण काउंटीच्या रेकॉर्डला लियन, म्हणजे कर्जाचा बोजा, अजून उघडाच दिसतोय. प्लॉट विकायला काढलाय, गिऱ्हाईक पक्कं आहे आणि मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीने नेमकं यावरच बोट ठेवलंय. क्लोजिंग, म्हणजे विक्री पुरी करायचा दिवस, तोंडावर आलंय. दस्त नोंदवणाऱ्या काउंटी क्लार्कच्या साईटवर 'ई-रेकॉर्डिंग उपलब्ध' असं ठळक लिहिलंय, पण लॉगिनचा पत्ता नाही. नुसती चार-पाच कंपन्यांची नावं दिलीत. घरबसल्या अपलोड कुठे करायचं तेवढं सांगा. रिलीजची, म्हणजे बोजा सोडल्याच्या कागदाची, पीडीएफ तयार आहे. कृपया 'वकील गाठा' हा सल्ला नको, तो मला बायकोने फुकट दिलाय.

रानभूल:
राज्य कुठलं? काउंटी कुठली? प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा. कनेक्टिकट आणि व्हर्मांटमध्ये तर हे काम काउंटीत होतच नाही, टाऊन क्लार्ककडे जावं लागतं.

क्वीन्सचा राजा:
आमच्या अपार्टमेंटच्या वेळी हेच झालं होतं. बँक ढिम्म हलत नव्हती. सर्टिफाईड मेलने पत्र टाका आणि त्यात कलम १९२१ लिहा. न्यूयॉर्कला बँकेने ३० दिवसांत सॅटिस्फॅक्शन (कर्ज फिटल्याचा कागद) दिलं नाही तर ५०० डॉलर दंड, ६० दिवस झाले की १०००, ९० झाले की १५००. माझं पत्र पोचलं आणि आठवड्यात कागद आला. बँकांना फक्त हीच भाषा कळते.

मध्यरात्रीचा चहा:
कॅलिफोर्नियात असाल तर तुम्हाला काहीच करायचं नाहीये. तिथे डीड ऑफ ट्रस्ट असतं, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जमीन ट्रस्टीकडे तारण. पैसे फिटले की बँकेने ३० दिवसांत ट्रस्टीकडे कागद द्यायचे आणि ट्रस्टीने २१ दिवसांत रीकन्व्हेयन्स (तारण सोडल्याचा कागद) रेकॉर्ड करायचं. ७५ दिवस उलटूनही झालं नाही तर टायटल कंपनीला रिलीज रेकॉर्ड करता येतो. ई-रेकॉर्डिंगची सुरुवातही आमच्याकडचीच बरं का, ऑरेंज काउंटी, १९९७. बाकीचे नंतर जागे झाले.

बोरकूट:
टेक्सास. डॅलसच्या उत्तरेला. काउंटीचं नाव इथे नको. आणि बँकेचा काही संबंध नाही, त्यामुळे बँकेला कसं वठणीवर आणायचं ते राहू द्या. अपलोड कुठे?

रानभूल:
बँक नाही तर कर्ज दिलं कोणी?

टेक्सासकरीण:
डॅलसच्या उत्तरेला म्हणजे आमच्याच बाजूला! प्रॉपर्टी टॅक्सचा प्रोटेस्ट केलात का? साधारण १५ मेची मुदत असते. मोकळ्या प्लॉटचं मूल्यांकन कायच्या काय लावतात. मी दरवर्षी करते आणि दरवर्षी काही ना काही कमी करून घेते. शेजारच्या तीन प्लॉटचे भाव काढा, फोटो काढा, आणि सुनावणीला गोड बोला.

बोरकूट:
ताई, प्लॉट विकतोय. टॅक्स पुढच्याने भांडावा.
@रानभूल, मित्राकडूनच प्लॉट घेतला होता, ओनर फायनान्सवर. त्याने हप्ते बांधून दिले, सगळे फेडले. तो दरम्यान पुण्याला कायमचा परत गेला. शेवटचा हप्ता पोचल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर 'पूर्ण मिळाले, अभिनंदन' लिहिलं, स्क्रीनशॉट आहे. रिलीजचा फॉर्म नेटवरून उतरवून मी भरला, त्याने सही करून स्कॅन पाठवला. तीच ती पीडीएफ.

कागदीघोडा:
आता गोष्ट कळली. ह्यूस्टनला टायटल ऑफिसात कागद हाकण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

ती पीडीएफ बाजूला ठेवा, तिचा उपयोग नाही. मित्राने सही नोटरीपुढे केली का? तुमच्या लिहिण्यावरून नसावी. नोटरीचं अक्नॉलेजमेंट (सही त्याच माणसाची असल्याचा दाखला) नसलेला रिलीज क्लार्क कागदावर घेत नाही आणि ऑनलाइनही घेत नाही.

लॉगिन का नाही, तर टेक्सासमध्ये ई-फाईल कोणी करायचं याची यादी कायद्यातच आहे, लोकल गव्हर्नमेंट कोडचं प्रकरण १९५. वकील, बँका, टायटल कंपन्या, सरकारी खाती वगैरे. आपण सामान्य माणसं त्यात नाही. साईटवरच्या त्या कंपन्या म्हणजे मधले टपालवाले. टायटल कंपनी मूळ कागद स्कॅन करते, सोबत नावं, जमिनीचं वर्णन आणि जुन्या दस्ताचा नंबर भरते, हे सगळं टपालवाल्यामार्फत क्लार्ककडे जातं. क्लार्कच्या खात्यातला माणूस ते डोळ्याखालून घालतो. पसंत पडलं तर शिक्का आणि इन्स्ट्रुमेंट नंबर (नोंदणी क्रमांक) उमटून प्रत परत येते, नाही तर कारण लिहून नाकारली जाते. बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल. म्हणजे ई-फाईलिंगचं काम अर्ध्या तासाचं. तुमचं अडलंय सहीपाशी.

मित्राकडून ओनर फायनान्सवर घेतलाय म्हणजे तुमच्या डीडमध्येच (खरेदीखतात) व्हेंडर्स लियन, म्हणजे विकणाऱ्याचा बोजा, राखून ठेवलेला असणार, आणि वर वेगळं डीड ऑफ ट्रस्ट. रिलीजमध्ये दोन्ही सोडल्याचं स्पष्ट हवं, दोन्हींचे रेकॉर्डिंग नंबर हवेत. नेटवरच्या फॉर्ममध्ये बहुधा एकच असतो. मूळ प्रॉमिसरी नोटही (कर्ज फेडण्याचं लेखी वचन) 'पेड' लिहून परत मागून घ्या.

आणि एक विचारायचं राहिलं. नोटवर देणेकरी तुम्ही, घेणेकरी कोण? एकटा मित्रच का?

क्लिकराव:
एवढं पुराण कशाला. रिमोट ऑनलाइन नोटरी! टेक्सासमध्ये १ जुलै २०१८ पासून आहे. नोटरीने टेक्सासात बसायचं, सही करणारा जगात कुठेही असो. व्हिडिओ कॉल, पासपोर्ट दाखवा, सही करा, डिजिटल शिक्का. कागदच जन्माला येत नाही, मग स्कॅन कसला आणि कुरियर कसलं. आपल्या रात्रीच्या नऊला पुण्यात सकाळचे साडेसात वाजतात, चहा घेता घेता काम. २०२० नंतरही लोक कागद कवटाळून बसलेत याचं मला नवल वाटतं.

कट्टाबहाद्दर:
क्लिकराव, तुमचा चहा होईल, पण तो प्रश्नोत्तरांचा भाग का गाळलात? ओळख पटवायला अमेरिकेतल्या नोंदींवरून पाच प्रश्न येतात, दोन मिनिटांत चार तरी बरोबर द्यावे लागतात. 'यातल्या कुठल्या पत्त्यावर तुम्ही राहिला होतात', 'ही गाडी कुठल्या साली घेतलीत' असले. अनेक वर्षांपूर्वी देश सोडलेल्या माणसाला ते आठवणार आहे? त्यापेक्षा मुंबईचं अमेरिकन कॉन्सुलेट, बांद्रा-कुर्ला संकुल. वेळ घ्या, पासपोर्ट न्या, अधिकाऱ्यासमोर सही करा, शिक्क्याला ५० डॉलर. कुठलाही क्लार्क त्याला नाही म्हणत नाही.

क्लिकराव:
पुण्याहून मुंबईला एका सहीसाठी? द्रुतगती मार्गावर घाटात अडकून पडायला?

कट्टाबहाद्दर:
घाट परवडला, पण क्लोजिंग टेबलावर 'आम्हाला रिमोट नोटरी चालत नाही' ऐकणं नको.

सातबारा:
मधेच तोंड घालतो. आमच्याकडे महाराष्ट्रात हे फार सोपं झालंय. सोसायटीचं कर्ज फिटलं की बँकच ई-हक्क या ऑनलाइन सेवेवरून बोजा कमी करायचा अर्ज टाकते, तलाठी फेरफार घेतो, इतर हक्कातून नाव जातं. अमेरिकेत अजून कुरियर? गंमत आहे.

रानभूल:
'फार सोपं' हे जरा जपून लिहा हो. माझ्या मामांच्या उताऱ्यावर पीककर्जाचा बोजा फिटल्यानंतरही कितीतरी दिवस चिकटून होता. बँक म्हणे आम्ही पाठवलं, तिकडचे म्हणे आलंच नाही.

सातबारा:
ते पाठपुराव्यावर असतं. आणि रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढून टाकायचा. बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. तुमच्या न्यूयॉर्कच्या १५०० डॉलरला महिन्याभरात मागे टाकेल.

क्वीन्सचा राजा:
मिळालेत का कोणाला ते ५,०००? नुसते आदेश सगळीकडे असतात.

कागदीघोडा:
अवांतर पुरे. @बोरकूट, घेणेकरी एकटा की दोघं?

बोरकूट:
आत्ता नोट काढून बघितली. मित्र आणि वहिनी, दोघांची नावं आहेत. पण व्यवहार सगळा त्याच्याशीच, पैसेही त्याच्याच खात्यात जायचे. वहिनींनी कधी एक ईमेलही केली नाही. त्यांची सही कशाला लागेल?
क्लिकरावांचं मला आवडलं होतं, आज रात्रीच उरकून टाकणार होतो.

कागदीघोडा:
नोटवर आणि डीड ऑफ ट्रस्टवर नाव आहे ना, मग दोघांच्या सह्या, दोन्ही नोटरीपुढे. पैसे कुणाच्या खात्यात गेले याच्याशी क्लार्कला घेणं नाही. टायटल कंपनी तर अडून बसेलच.
वहिनी इथे असताना कुठल्या व्हिसावर होत्या?

बोरकूट:
एच-४, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असणारा. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नव्हता, टॅक्ससाठी आयटीआयएन (वेगळा टॅक्स नंबर) काढला होता. का?

कागदीघोडा:
मग रिमोट नोटरीत त्यांची गाडी त्या पाच प्रश्नांपाशी अडणार. ते प्रश्न क्रेडिट आणि सार्वजनिक नोंदींवरून तयार होतात. एच-४ वर असलेल्या माणसाच्या नावावर ना कर्ज, ना गाडी, कधी कधी वीजबिलसुद्धा नाही. यंत्राला विचारायलाच काही सापडत नाही. मित्राचं कदाचित निभेल, वहिनींचं अवघड.

क्लिकराव:
वहिनींकडून मित्राच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी घ्या. प्रश्न मिटला.

कट्टाबहाद्दर:
आणि त्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर नोटरी कोण करणार? तिच्यासाठीही तेच पाच प्रश्न. शिवाय जमिनीच्या कामाला वापरली म्हणजे ती काउंटीत रेकॉर्डही करावी लागणार. एका कागदाचे दोन झाले.

अडगळ:
मी वकील नाही, पण टेक्सासात कर्जाची मुदत संपून चार वर्षं झाली आणि दावा लागला नाही की लियन आपोआप रद्द होतो असं वाचलंय. थांबला तर फुकटात काम होईल.

बोरकूट:
गिऱ्हाईक चार वर्षं थांबेल का विचारतो.

मध्यरात्रीचा चहा:
पण टायटल कंपनीच प्रतिज्ञापत्र करून लियन सोडवू शकते ना? कॅलिफोर्नियासारखं टेक्सासातही कलम आहे, प्रॉपर्टी कोड १२.०१७.

कागदीघोडा:
आहे, पण ते एक ते चार कुटुंबांच्या राहत्या घरासाठी. यांचा मोकळा प्लॉट आहे. आणि मित्र सही द्यायला तयार असताना आडवाटेने कशाला जायचं?

बोरकूट, असं करा. आधी टायटल कंपनीत तुमचा व्यवहार सांभाळणाऱ्या एस्क्रो ऑफिसरला ईमेल टाका: 'दोघं घेणेकरी भारतात आहेत, कॉन्सुलेटमध्ये अक्नॉलेजमेंट केलं तर चालेल का, आणि रिलीजचा मसुदा तुम्हीच द्याल का?' लेखी होकार घ्या. टेक्सासचा कायदा परदेशातल्या नोटरीलाही मान्यता देतो, म्हणजे पुण्यातला नोटरी आणि वर अपोस्टील (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) हाही रस्ता आहे, भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. पण आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, यात दिवस जातात आणि काही टायटल कंपन्या तरीही नाक मुरडतात. तुमच्याकडे वेळ नाही.

मित्राला तीन गोष्टी बजावा. घरून सही करून जायचं नाही, मसुदा सही न करता न्यायचा. नावं नोटवर आहेत तशीच्या तशी हवीत. वहिनींचं पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर आत्ताच सांगा. आणि तिथल्या शिक्क्याचा ठसा नुसता उठावाचा असेल तर स्कॅनमध्ये तो गायब होतो, कागद पांढराफटक दिसतो आणि क्लार्क नाकारतो. आम्ही अशा ठशावर पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायचो, म्हणजे अक्षरं उमटतात. हे टायटलवाल्यांना माहीत असतं, पण नव्या पोराच्या हातात फाईल गेली तर राहून जातं. तुमचा पत्ताही रिलीजवर घालायला सांगा, नसला तर जादा फी लागते.

क्लिकराव:
पेन्सिल. एकविसाव्या शतकातलं ई-रेकॉर्डिंग आणि पेन्सिल. मी थकलो.

टेक्सासकरीण:
बोरकूट, प्लॉट केवढ्याला जातोय? आमच्या ओळखीत एकजण शोधताहेत.

बोरकूट:
गिऱ्हाईक पक्कं आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय हो ताई.
@कागदीघोडा, ईमेल टाकली. एस्क्रोवाल्या बाई म्हणाल्या कॉन्सुलेट चालेल, मसुदा त्यांचा वकील देईल, फी लावतील. म्हणजे शेवटी वकील आलाच. वहिनींचं नाव पासपोर्टवर सासरचंच आहे. मित्र म्हणतो दोघं जाऊन येतो, पण येताना लोणावळ्याची चिक्की तुझ्या खर्चाने.

कट्टाबहाद्दर:
चिक्की कुरियरने मागवू नका, कस्टमवाले उघडून बघतात. कागद मात्र वेगळ्या पाकिटात आणि ट्रॅकिंगवर.

बोरकूट:
कळवायचं म्हणून. दोघांच्या सह्या झाल्या, मूळ कागद टायटल कंपनीकडे पोचला. पहिल्यांदा नाकारला गेला! कारण लिहिलं होतं: डीडच्या नंबरात एक आकडा चुकलाय. मसुदा वकिलाचा होता, मी बोललो नाही. दुरुस्ती जोडून पुन्हा पाठवला तो दुपारी चढला, इन्स्ट्रुमेंट नंबर आला. काउंटीच्या साईटवर नाव टाकून बघितलं, रिलीज दिसतोय, दोन्ही लियनचे नंबर त्यात आहेत. टायटल कंपनीच्या अटींच्या यादीतली (शेड्यूल सी) लियनची ओळ गेली. कागदीघोडा, आभार. बाकीच्यांचेही, साधारणपणे.

गवती:
धागा वाचला, चांगली माहिती. माझं पण असंच आहे. मिशिगन, कर्ज फिटलंय पण डिस्चार्ज (बोजा सोडल्याची नोंद) दिसत नाही. काय करू?

रानभूल:
कर्ज कोणाचं? बँक का खासगी? होम इक्विटी लाईन (घराच्या तारणावर हवी तेव्हा वापरायची कर्जमर्यादा) होती का? असली तर शून्य करून भागत नाही, खातं बंद करा असं लेखी कळवावं लागतं.

गवती:
हो, लाईनच होती. बंद करायची असते?