ॲम्बेसेडरचे चार्जिंग बंद आहे: अल्टरनेटर बसवावा की डायनॅमोच ठेवावा?

संत्राबाग:
नमस्कार. वरुड तालुक्यातील आमच्या घरी सासऱ्यांच्या काळातील मार्क 2 ॲम्बेसेडर असून तिचा डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र) आणि बॉनेटखालचा कटआउटचा डबा (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आणि त्याचे व्होल्टेज आवरणारा) अजूनही मूळचाच आहे. गेल्या उन्हाळ्यात गाडीचे पत्र्याचे काम आणि रंगकाम करून घेतले. पावसाळाभर ती फारशी निघाली नाही, आणि आता संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत बाजाराच्या फेऱ्या सुरू झाल्यावर बॅटरी चार्ज होत नसल्याचे लक्षात आले. स्लोवर असताना डॅशबोर्डवरील लाल दिवा लागलेला असतो, थोडी रेस दिली की तो मंद होत जवळजवळ विझतो. मात्र आणखी रेस दिल्यास पुन्हा लख्ख उजळतो. बॅटरी नवी आहे, पट्टाही घट्ट आहे. एका इलेक्ट्रिशियनने डायनॅमो काढून अल्टरनेटर (आजच्या गाड्यांत असते ते चार्जिंगचे यंत्र) बसवण्यास सांगितले, दुसऱ्याने नवीन डबा आणण्यास. नेमके काय करावे, आणि आमच्या भागात हे काम जाणणारा मिस्त्री कसा शोधावा?

जुना गिअर:
ताई, दिव्याचे वागणे तुम्ही इतके नेमके लिहिले आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे, त्यामुळे तूर्त एक रुपयाचेही सामान विकत घेऊ नका. या दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोच्या डी टोकाला (जिथून वीज बाहेर येते) जोडलेले असते, आणि दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे झाले की तो विझतो. तुमचा दिवा मंद होतो याचा अर्थ डायनॅमो वीज तयार करतो आहे. आणि रेस वाढताच तो पुन्हा उजळतो याचा अर्थ डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीच्याही पुढे गेले असून दोघांना जोडणारे कटआउटचे पॉइंट मिटलेले नाहीत. डायनॅमोच बसला असता तर रेस दिल्यावरही दिवा तसाच जळत राहिला असता.

तरीही खात्री करून घ्यावी. डायनॅमोवरच्या डी आणि एफ (फील्ड कॉइलचे टोक) या दोन्ही वायर काढा, दोन्ही टोके एका लहान तारेने एकमेकांना जोडा आणि ती तार व इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये मीटर लावा. मीटर शक्यतो काट्याचा घ्यावा, कारण डायनॅमोच्या ठिणग्यांमुळे स्वस्त डिजिटल मीटरचे आकडे नाचतात. गाडी सुरू करून हळूहळू रेस वाढवली की काटा न अडखळता भराभर चढला पाहिजे. 20 व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका, फार वेळही चालवू नका. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल (डायनॅमोतील स्थिर गुंडाळी), चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर (आत फिरणारी गुंडाळी) संशयास्पद समजावे, आणि अजिबात हलला नाही तर आधी कार्बन ब्रश पाहावेत.

डायनॅमो ठीक निघाला तर वायर परत लावा आणि डब्यावरच्या ई या टोकाकडे या. डब्यातील कटआउट आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) यांच्या दोन्ही कॉइल याच टोकातून बॉडीला अर्थ होतात, म्हणजे विजेची परतीची वाट बॉडीतून मिळते. मीटरची एक पिन बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर आणि दुसरी ई च्या स्क्रूवर ठेवून रेस द्या. काटा शून्याजवळच राहायला हवा. रंगकाम झालेल्या गाडीत माझी पहिली शंका येथेच आहे.

हे होईपर्यंत गाडी पळवू नका. हा अर्थचा जोड तुटलेला असेल तर कटआउट तर मिटत नाहीच, पण रेग्युलेटरही व्होल्टेज आवरत नाही आणि डायनॅमो मोकाट सुटून स्वतःचेच वाइंडिंग जाळतो. नाइलाजाने कोठे जायचेच असल्यास एफ ची वायर डायनॅमोवरून काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, आणि दिवसाउजेडी केवळ बॅटरीवर जाऊन या.

मिस्त्रीबद्दल सांगायचे तर कार दुरुस्त करणाऱ्या तरुण मुलांना विचारून उपयोग होत नाही, त्यांनी डायनॅमो पाहिलेलाच नसतो. जुन्या ट्रॅक्टरवर डायनॅमोच असे, त्यामुळे ट्रॅक्टरची वायरिंग करणारा वयस्क इलेक्ट्रिशियन शोधा. आर्मेचर तपासायची वेळ आलीच तर विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे जा. असे दुकान बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. मात्र ट्रॅक्टरचा जुना डबा कोणी फुकट दिला तरी गाडीला लावू नका, कारण तो बहुधा कमी अँपिअरच्या डायनॅमोसाठी बेतलेला असतो.

हायवेवाला:
मी अल्टरनेटरच्या बाजूने मत देतो. रात्री हेडलाइट, पंखा आणि टेप एकदम चालवायचे असतील तर सुमारे 22 अँपिअरचा डायनॅमो पुरत नाही, आणि स्लोवर तो जवळपास काहीच देत नाही. फक्त बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे ते आधी पाहा, कारण त्या काळातील बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला) असत आणि तशा गाडीला आजचा अल्टरनेटर जोडल्यास त्याचे डायोड तत्क्षणी उडतात.

संत्राबाग:
दोघांचेही आभार. गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकाकांना बोलावून तपासणी केली. आमची गाडी निगेटिव्ह अर्थ आहे. डी आणि एफ जोडल्यावर काटा सरसर चढला. ई च्या स्क्रूवर मात्र जवळजवळ डी इतकेच व्होल्टेज दिसते. ई ची काळी वायर मागच्या पत्र्याला स्क्रूने बसवली आहे आणि तिच्या चकतीखाली रंगाचा जाड थर आहे. काका डब्यातील स्प्रिंगचा स्क्रू थोडा फिरवून पाहू म्हणतात, फिरवू द्यावा का?

जुना गिअर:
अजिबात नाही. त्या स्क्रूने रेग्युलेटरची सेटिंग बदलते, ती बिघडल्याचे कोणतेही लक्षण तुमच्या गाडीत नाही, आणि एकदा ती हलली की पुन्हा जागेवर आणणे हे खरोखरच जाणत्याचे काम आहे. बॅटरीचे अर्थचे टोक काढून ठेवा, काळ्या वायरचा स्क्रू सोडवा, चकतीएवढ्या जागेतला रंग चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत खरवडा, चकतीही घासा, स्क्रू घट्ट आवळा आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीखालीही रंग गेला आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

नंतर मध्यम रेसवर लाल दिवा पूर्ण विझला पाहिजे आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज हळूहळू 14 च्या आसपास यायला हवे. बॅटरी बरीच उतरलेली असल्याने सुरुवातीला आकडा कमी दिसेल, त्याची चिंता नको. स्लोवर दिवा मिणमिणला तर तेही या डायनॅमोच्या बाबतीत नेहमीचेच आहे. दिवा विझूनही आकडा 15 च्या वर जाऊ लागला तरच डबा उघडावा, आणि तेव्हा पॉइंटचा फोटो येथे टाका.