हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह आलंय. याचा अर्थ नवऱ्याचं बाहेर काही आहे असा होतो का?

निनावी_रावपुरा

नमस्कार, घरात कोणाला विचारता येत नाहीये म्हणून इथे लिहितेय. वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली, बडोद्यात राहतो, सासूबाई आमच्याजवळच असतात.

नवरात्र संपली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला कणकण आली, अंग मोडून आलं आणि खाली आग व्हायला लागली. नऊ रात्री गरबा झालेला, घाम, चणिया घासला असेल म्हणून मी पावडर लावून गप्प बसले. मग लघवीला इतकी जळजळ सुरू झाली की बाथरूमला जायची भीती वाटायची, शेवटी मी पाणी पिणंच कमी केलं. जांघेत दोन्हीकडे अवधाण आलं, जिना उतरताना रडू यायचं. जवळच्या डॉक्टरांनी न तपासताच युरिन इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, तीन दिवस काडीचा फरक नाही. मग एकदा दार लावून आरसा धरून बघितलं तर बारीक बारीक पाण्याचे फोड, एकाच जागी झुपक्याने, त्यातले काही फुटून लालबुंद जखमा झालेल्या.

लेडी डॉक्टरकडे गेले, त्यांनी बघताक्षणी हर्पिस म्हटलं, असायक्लोव्हिर ४०० दिवसातून तीनदा सुरू केली आणि ब्लड टेस्ट लिहून दिली. रिपोर्ट असा आहे: एचएसव्ही (म्हणजे हर्पिसचा व्हायरस) टाइप १+२ आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. ओपीडीत इतकी गर्दी होती की मला नीट काही विचारताच आलं नाही.

सासूबाईंनी फोनवर हर्पिस शब्द ऐकला आणि त्यांना वाटलं नागीण झाली. काव उगाळून बसल्या, म्हणे दोन टोकं जुळायच्या आत लावायला हवी, दाखव कुठे आहे. आता काय दाखवू त्यांना?

नवरा शप्पथ घेऊन सांगतो की बाहेर काही नाही. माझंही नाही. पण नेटवर वाचून दोघांच्या डोक्यात एकच किडा फिरतोय. परवा त्याने मला विचारलं की लग्नाआधी तुझं कोणी होतं का, आणि त्या रात्रीपासून तो हॉलमध्ये झोपतोय. हा रिपोर्ट नक्की काय सांगतो? आणि हे आता जन्मभर का? प्लीज कोणीतरी सांगा.

सुरसागर_काठी

ताई घाबरू नका, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुवा आणि थोडं अँटिसेप्टिक लिक्विड टाकून दिवसातून दोनदा बसा, माझ्या वहिनीला खाली पुरळ आलेलं तेव्हा बरं वाटलं होतं. आणि मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा, कोणतीही चालते.

लॅबवाली_ताई

आधी वरचं थांबवते. सुरसागर, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय पण उघड्या जखमेवर अँटिसेप्टिक लिक्विड गेलं तर अजून सोलून निघेल. आणि मेडिकलमधली ‘कोणतीही’ ट्यूब तर अजिबात नको, आपल्याकडे त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हर्पिसवर ते लावलं की चिघळतं. साधं पाणी, सुती कपडे, आणि लघवी करताना मगाने वरून कोमट पाणी ओतत राहा, आग निम्मी होते. पाणी कमी पिऊ नकोस गं, घट्ट लघवी जास्त झोंबते. लघवी अडली, उतरतच नाही असं झालं तर मात्र रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ.

आता रिपोर्ट. मी अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, हा कागद घेऊन काउंटरवर रडणाऱ्या बायका मी बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयजीएम आणि आयजीजी म्हणजे व्हायरसशी लढायला रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीज. त्यातली आयजीएम विसरून जा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या गाइडलाइनमध्येसुद्धा हर्पिससाठी ही टेस्ट करू नका असं म्हटलंय, कारण ती टाइप १ आणि २ मधला फरक सांगत नाही, जुन्या आजाराने पुन्हा डोकं वर काढलं तरी पॉझिटिव्ह येते आणि काहीच नसतानाही येते. तरी आपल्याकडे सर्रास लिहून देतात.

तुझी आयजीजी निगेटिव्ह आहे हे जास्त कामाचं आहे. आयजीजी तयार व्हायला वेळ लागतो, काहींना तीन-चार आठवडे, काहींना बारा आठवडेही. म्हणजे पहिल्यांदाच उठलंय, ताप आहे, अवधाण आहे आणि आयजीजी अजून नाही, याचा अर्थ बहुतेक करून हा व्हायरस तुझ्या अंगात नवीन शिरलाय. लागण झाल्यापासून फोड साधारण २ ते १२ दिवसांत उठतात.

इथे थांब, लगेच नवऱ्याकडे बघू नकोस. ‘तुझ्यात नवीन’ म्हणजे ‘त्याच्यात नवीन’ असं नाही. त्याच्याकडे तो लहानपणापासून असू शकतो. आता मला एक सांग, लाजू नकोस, त्याच्या ओठावर कधी फोड येतात का? ताप येऊन गेल्यावर, ओठाच्या कडेला, पाणी भरलेले, मग खपली धरते तसे?

निनावी_रावपुरा

हो!! येतात. वर्षातून एकदा-दोनदा. घरात सगळे म्हणतात उष्णता बाहेर पडली, सासूबाई तूप लावतात. या नवरात्रीतही आलेला, पाचव्या माळेला, त्याचे उपास होते आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गरबा. पण ओठाचं खाली कसं जाईल??

लॅबवाली_ताई

जातं. तोंडाने, ओरल सेक्समधून. झालं असेल तर इथे हो लिहायची गरज नाही, तुझं तुला कळलं की पुरे.

ओठावरचा तो फोड म्हणजे एचएसव्ही १. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने जगात ५० वर्षांखालच्या दर तिघांतल्या जवळजवळ दोघांच्या अंगात हा असतो, बहुतेकांना लहानपणीच कोणीतरी पापा घेतला त्यातून लागलेला. फोड दिसत असताना जास्त पसरतो, पण फोड नसतानाही थोडाफार बाहेर पडत असतो. तोच व्हायरस खालच्या कातडीला लागला की त्याला आपण जेनिटल हर्पिस म्हणतो आणि लगेच माणसाच्या चारित्र्यावर जातो. ओठावर असला की उष्णता, खाली असला की पाप, असं कसं चालेल?

अर्थात हे एचएसव्ही १ च आहे असं मी इथून सांगू शकत नाही. तुझी टेस्ट ‘१+२’ एकत्र आहे, त्यातून कोणता ते कळतच नाही. खरी टेस्ट म्हणजे फोडातल्या पाण्याचा स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे त्यात थेट व्हायरसच शोधणारी टेस्ट. फोड ताजा, ओला हवा, उठल्यापासून दोन दिवसांत घेतला तर उत्तम. खपली धरली की व्हायरस बऱ्याचदा सापडत नाही आणि निगेटिव्ह येऊन आपण उगाच खूश होतो. अजून एखादा ओला उरलाय का बघ आणि असेल तर उद्याच जा. सयाजी हॉस्पिटलच्या स्किन-व्हीडी (त्वचा आणि गुप्तरोग) ओपीडीत दाखव. सरकारी हॉस्पिटलांतून सुरक्षा क्लिनिक म्हणून जे असतं ते यासाठीच असतं, तपासणी-औषध फुकट, आणि हर्पिसला तिथे लाल रंगाचं किट देतात त्यात हीच असायक्लोव्हिर असते. जायच्या आधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन कर. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट) पण दोघांनी करून घ्या, संशय म्हणून नाही, कोणत्याही अशा जखमेत करतातच.

स्वॅब नाहीच जमला तर बारा आठवड्यांनी आयजीजी परत, पण लॅबला स्पष्ट सांग की टाइप १ आणि टाइप २ वेगवेगळं हवंय. आणि टाइप २ चा आकडा १.१ ते ३ च्या मध्ये आला तर तो पॉझिटिव्ह धरून रडत बसू नकोस, त्या पट्ट्यात खोटं पॉझिटिव्ह बरंच येतं, दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते.

आणि हो, नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या व्हायरसची, हर्पिस झोस्टर. नावाचा पहिला शब्द तेवढा सारखा आहे. सासूबाईंना सांग युरिन इन्फेक्शन आहे, काव परत डब्यात ठेवा. सगळं सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही.

मांडवी_८२

मी पुरुष आहे, मला टाइप २ आहे, आठ वर्षं झाली. ताई तुम्ही ‘जन्मभर का’ विचारलंत त्यावर लिहितो.

हो, व्हायरस जात नाही. माकडहाडाजवळच्या नसांच्या गाठींमध्ये तो झोपून राहतो आणि मधूनच त्याच नसेवरून खाली येतो. पण पहिल्यांदा जे भोगलंत तेवढं परत सहसा होत नाही. मला पहिल्या वर्षी पाच वेळा झालं, आता वर्ष-दीड वर्षातून एकदा, तेही दोन-तीन फोड, चार दिवसांत साफ. टाइप १ खाली असेल तर तो याहूनही कमी वेळा उठतो, कित्येकांना पहिल्या वर्षी एखादाच, मग नाहीच.

यायच्या आधी कळतं. मला डाव्या मांडीच्या मागून झिणझिण्या येतात, बसलेल्या खुर्चीतून कोणी टाचणी टोचतंय असं वाटतं. त्याच दिवशी गोळी सुरू केली तर कधी कधी फोड उठतच नाही. म्हणून एक पान पाकिटात कायम ठेवतो, डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन ठेवलीय. माझं जागरण झालं, ताप आला की ठरलेलं. क्रीमचा मला तरी काही उपयोग झाला नाही, डॉक्टर पण म्हणाले गोळीपुढे क्रीम काही नाही.

सगळ्यात अवघड होतं ते लग्नाआधी सांगणं. साखरपुड्याच्या आधी कमाटी बागेत बाकावर बसून सांगितलं, तिच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती, ती कितीतरी वेळ एकही दाणा न खाता पुडी नुसती वळत बसली. मग म्हणाली मला डॉक्टरांशी बोलायचंय. दोघं गेलो. त्यांनी समजावलं की रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० घेतली तर जोडीदाराला लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते, २००४ साली तसा मोठा अभ्यास छापून आलाय. त्यात कंडोम, आणि झिणझिण्या सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत काही नाही. शंभर टक्के खात्री कोणी दिली नाही, कंडोमने न झाकलेल्या जागेवरूनही लागू शकतं. सहा वर्षं झाली लग्नाला. तिची टेस्ट अजून निगेटिव्ह आहे.

तुमच्या नवऱ्याला हे वाचायला द्या. हॉलमध्ये झोपलेला माणूसही घाबरलेलाच असतो, मी पण तसाच होतो.

आईपण_उशिरा

माझंही सांगते. दुसऱ्यांदा मिसकॅरेज झालं तेव्हा टॉर्च टेस्ट (गर्भाला धोका करणाऱ्या काही आजारांची रक्ततपासणी) केली, त्यात हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह. फोड कधीच नाही, काही लक्षण नाही. दोन महिने मी स्वतःला अपराधी समजत होते की माझ्यामुळे बाळ गेलं, आणि सासरी तर विचारूच नका. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी आयजीजी वेगवेगळी करून घेतली, दोन्ही निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत केली तरी निगेटिव्ह. म्हणजे मला हर्पिस नव्हताच. तो एक कागद मी अजून फाडलेला नाही.

रावपुरा, तुला पुढे मूल हवं असेल तर हर्पिस आहे म्हणून अडत नाही. माझ्या मावसबहिणीला आहे, तिने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं, ३६ व्या आठवड्यापासून रोज गोळी दिली आणि कळा सुरू झाल्यावर नीट तपासलं, फोड नव्हते, नॉर्मल झाली. त्या वेळी फोड असते तर सिझर केलं असतं. बाळाला खरा धोका शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने लागण झाली तर असतो. फक्त डॉक्टरांपासून लपवू नकोस.

निनावी_रावपुरा

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. उशीर झाला लिहायला. दुसऱ्याच दिवशी सकाळी सयाजीत गेले, नवरा बरोबर आला. एकच छोटा फोड ओला उरला होता, मॅडमनी त्यातून स्वॅब घेतला, दुखलं पण पाच सेकंद. पीसीआरचा रिपोर्ट काल आला: एचएसव्ही १ पॉझिटिव्ह, एचएसव्ही २ नाही. एचआयव्ही, व्हीडीआरएल दोघांचं निगेटिव्ह.

मांडवी_८२ तुमचं लिहिलेलं त्याने माझ्यासमोर वाचलं. काही बोलला नाही. रात्री उशी घेऊन आत आला. मग अंधारात म्हणाला, माझ्यामुळे तुला एवढं सोसावं लागलं. मी म्हटलं तुलाही कोणीतरी लहानपणी दिलंच ना. लग्नाआधीचं जे विचारलं होतं त्याबद्दल सॉरी म्हणाला. मला ते अजून लागलेलं आहे, खोटं कशाला बोलू, पण बोलणं सुरू झालंय.

आता दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. टॉवेल, संडास, कपडे वेगळे ठेवायचे का? सासूबाईंना लागेल अशी भीती वाटते. आणि नणंदेला मुलगी झालीय, रविवारी बारसं आहे, मी बाळाला घेऊ का?

लॅबवाली_ताई

बरं केलंस लगेच गेलीस.

संडास, बादली, कपडे यांतून लागत नाही गं, अंगाबाहेर हा व्हायरस फार टिकत नाही. टॉवेल आपला आपला असावा, तो एरवीही असावाच.

बाळाला तू खुशाल घे, हात साबणाने धुवून, फोडाला हात लागला असेल तर आठवणीने. तू जपशीलच, मला काळजी नवऱ्याची आहे. मामा म्हणून तो पहिला पापा घ्यायला धावेल. त्याच्या ओठावर फोड, खपली, नुसती चुणचुण जरी असली तरी बाळाला तोंड लावायचं नाही. पहिल्या महिना-दीड महिन्यात बाळाला हा लागला तर जिवावर बेततं. आणि एरवीही एवढ्या लहान बाळाचे पापे कोणीच घेऊ नयेत, नणंदेला हे शांतपणे सांग, बाकी काही सांगायची गरज नाही. रविवारी सकाळी त्याचा ओठ उजेडात नीट बघून घे.

निनावी_रावपुरा

आजच बघितला, साफ आहे. तरी त्याला सांगितलंय, पायाचा पापा घे.