मदत हवी आहे: जुन्या जर्मानिक लघुनामांत दुहेरी व्यंजन आलं कुठून?

मध्ययुगाच्या सुरुवातीला जर्मानिक लोकांची (जर्मन, इंग्रजी यांच्या जुन्या रूपांसारख्या भाषा बोलणाऱ्यांची) नावं बहुधा दोन घटक जोडून होत. त्यांची लघुरूपं नकारान्त चालतात, आपल्या संस्कृतातल्या 'राजन्'सारखी, इथपर्यंत कळलं. कोनराडचा कुनो होतो, तेही ठीक. सगळ्यांत देखणा पुरावा बीड (Bede) या इंग्लंडमधल्या मठवासी इतिहासकाराच्या ७३१च्या इतिहासात मिळाला: एसेक्सचा राजा सेबर्ट याला त्याचे मुलगे 'साबा' म्हणतात. पहिला घटक पूर्ण, दुसऱ्याचं फक्त पहिलं व्यंजन, पुढे 'आ'. किती नेटकं!

अडलंय ते ओट्टो, ओफ्फा, दुद्दा या दुहेरी व्यंजनाच्या लघुनामांपाशी. जर्मन भाषाशास्त्रज्ञ क्लूगेचा नियम लावून पाहिला. त्यात 'न' आधीच्या स्पर्शव्यंजनात मिसळून द्वित्व (दुहेरी व्यंजन) होतं, पण ते अघोष, म्हणजे 'ट्ट'सारखं; 'ड्ड'सारखं घोष नव्हे. ओट्टोचं मूळ 'औद-' आहे आणि जुन्या सॅक्सनमध्ये ओड्डो मिळतो. क्लूगेचं द्वित्व असतं तर जुन्या उच्च जर्मनमध्ये त्याचं 'त्स' व्हायला हवं होतं. म्हणजे मूळ द्वित्व घोषच, आणि हा नियम इथे पुरत नाही.

हाइन्झ, फ्रिट्झ ही '-इझो' प्रत्ययाची नावं वेगळी, ती नकोत. इंग्रजी संदर्भ चालतील, जर्मन शब्दकोश घेऊन वाचेन.

हे घोष द्वित्व लाडाच्या, बोबड्या उच्चारातून आलं, की विभक्तिरूपांच्या सरमिसळीतून? आणि इ.स. १०००पूर्वीच्या एकाच दस्तऐवजात एकाच माणसाचं पूर्ण नाव व असं द्वित्वाचं लघुनाम, दोन्ही आल्याचं उदाहरण कुणाला माहीत आहे का?